पायाखालचा आवाज

सोलांज मर्काडिएचं आयुष्य नटांच्या बुटांकडे बघण्यात गेलं. पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या काठावरचं एवढंसं थिएटर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीखाली तिचं कोंदट खोकं. नट वाक्य विसरला की तिथून हळूच पुरवायचं, हे तिचं काम. राजे, खुनी, नवरेबुवा सगळे तिच्या जिवावर बोलले, टाळ्या मात्र वरच्यांना मिळाल्या. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

पण हे नवं नाटक म्हणजे डोक्याला ताप होता. दोन हमाल एका बंद पेटीची राखण करतात. पेटी कुणाची, दोघांनाही ठाऊक नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि मध्ये लेखकाने लिहून ठेवलेल्या लांबलचक शांतता. पहिल्याच प्रयोगाला अशा एका शांततेत सोलांजने इमानेइतबारे वाक्य पुरवलं, तेव्हा दिग्दर्शक ब्रिसो तिच्यावर उखडला होता. "बाई, तो विसरला नव्हता, गप्प होता. इथे गप्प बसायचेच पैसे मिळतात."

खरोखर विसरत होता तो आन्सेल्म, म्हाताऱ्या हमालाचं काम करणारा नट. सोलांजचा तरुणपणापासूनचा मित्र. कालच ब्रिसोने बजावलं होतं, "आणखी एकदा अडकला, की सोमवारपासून दुसरा नट." आन्सेल्मला या कामाखेरीज जगात काही उरलं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

आज प्रयोग सुरू होण्याचे काठीचे तीन ठोके पडले, पडदा वर गेला. शेवटच्या अंकापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग धाकट्या हमालाने विचारलं, "पेटी कुणाची?"

आन्सेल्मने पहिल्या अंकातलं उत्तर दिलं. "येईल तो. बस."

धाकटा गांगरला आणि पहिल्या अंकातलंच पुढचं बोलला. झालं, नाटक मागे गेलं. फिरून त्याच प्रश्नापाशी आलं आणि आन्सेल्म पुन्हा म्हणाला, "येईल तो. बस." प्रेक्षक हसले. त्यांना वाटलं, नाटकच असं आहे. सोलांजने खरं वाक्य पुटपुटलं. त्याच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. पुढच्या फेरीला हसू आटलं, कुणीतरी उठून चालू लागलं. विंगेत ब्रिसो दातओठ खात उभा.

मग आन्सेल्म थांबलाच. ही शांतता कुणी लिहिलेली नव्हती. सोलांजने सगळी रीत गुंडाळून ठेवली आणि ती खणखणीत आवाजात नाटकाचं शेवटचं वाक्य बोलली, "पेटी रिकामी आहे. चल, घरी जाऊ."

आन्सेल्म वाकला. खोक्यात टक लावून बघत तेच वाक्य त्याने सावकाश उच्चारलं. पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ब्रिसो धावत आला. "जमिनीतून आवाज! बाई, उद्यापासून हे रोज ठेवायचं. आणि आन्सेल्मही राहील. असाच हरवलेला माणूस हवा होता मला."

सोलांजचा जीव भांड्यात पडला. गुडघे चोळत ती वर आली. आन्सेल्म पेटीवर बसला होता. तिला बघून तो अदबीने उठला आणि त्याने टोपी काढली.

"खालून बोलत होत्या त्या तुम्हीच ना, मॅडम? फार उपकार झाले. इथे नवीन आलात का?"

सोलांजने हात पुढे केला.

"हो," ती म्हणाली. "आजच."