सारंगी, नेहाने सांगितलेली

आमच्या रहाटणीच्या इमारतीत, माझ्या समोरच्या दारात भीमराजभाऊ राहतात. दर रविवारी आंघोळ झाली की ते टॅबलेट घेऊन खिडकीत बसतात आणि कधी सारंगीचं, कधी बासरीचं, कधी सतारीचं रेकॉर्डिंग विकत घेतात. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. सांगण्यासारखं एवढंच, की त्यांना ते ऐकू येत नाही.

भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली. पत्रा आत सारायचा, दणका, पुन्हा पत्रा. निवृत्त होईपर्यंत कान इतके गेले की समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखावं लागतं, आणि गाणंबजावणं म्हणजे शेजारच्या घरात कुणी पाट सरकवतंय एवढंच. कानाचं मशीन आणलं तर ते शिट्ट्या मारायला लागलं. आता ते कपाटात असतं. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे मोठ्याने आणि तोंड नीट उघडून बोलायची मला सवयच आहे. आमचं बरं जमतं. पण ज्याचा आवाजही आपल्यापर्यंत पोहोचत नाही ते विकत घेणाऱ्या माणसाचा मला पहिल्यांदा रागच आला होता, आणि राग आला की तो पोटात ठेवायची मला सवय नाही. मी बोलले. ते म्हणाले, घरात ऐकणारं हाय की, बाई.

त्यामागची गोष्ट त्यांनी मला जिन्यात उभं राहून सांगितली. नवीन नोकरी असताना पहिली शिफ्ट सुटली की ते पिंपरी कॅम्पात उतरायचे. तिथे एका कॅसेटच्या दुकानात दुपारी सारंगी लागलेली असायची. हा तेलकट कपड्यातला पोरगा पायरीखाली उभा राहून ती ऐकायचा, आणि तिथून निघाला की रस्त्यावरची माणसं त्याला पाण्याखालून चालल्यासारखी दिसायची. कॅसेट घ्यायची ऐपत आली तेव्हा घरात टेप नव्हता. टेप आला तेव्हा कान राहिले नव्हते.

आता त्या टॅबलेटवर एक ॲप आहे. घरातल्या एकाने काही विकत घेतलं की ते घरातल्या सगळ्यांच्या फोनवर, टीव्हीवर, कॉम्प्युटरवर आपोआप येतं. एकच पातेलं, ज्याला हवं त्याने वाढून घ्यावं. भीमराजभाऊ त्यात कुटुंबप्रमुख. त्यांच्याखाली बायको अंजलीताई आणि मुलगी नेहा. अंजलीताईंनी त्यातलं कधी काही लावलं नाही. त्या म्हणतात, जन्मभर ह्यांच्याशी ओरडून बोलतेय, आता माझ्या कानाला जरा सुट्टी द्या. राहिली नेहा.

नेहा दहावीत असताना हे सुरू झालं. वडिलांनी काही घेतलं की ती आतल्या खोलीत जाऊन ऐकायची, मग बाहेर येऊन त्यांच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि आपण काय ऐकलं ते सांगायची. दार उघडं असायचं, मलाही दिसायचं. बासरीचं एकदा सांगितलेलं मला अजून आठवतं. कंपनीची रिकामी बस आहे, पप्पा. ड्रायव्हर नाही. सगळ्या खिडक्या उघड्या आहेत आणि ती चाकणच्या रस्त्याने अगदी हळू चाललीये. प्रत्येक थांब्यावर थांबते. कुणीच चढत नाही, तरी बस भरत जाते. भीमराजभाऊ तिच्या ओठांकडे बघत बसायचे. ती दम घ्यायला थांबली की ते एकच शब्द बोलायचे, “पुढं?” आणि ती पुढे सांगायची. सारंगीत पवना नदीच्या पलीकडून एक म्हातारी हाक मारत असायची. तिला कुणाचं नाव आठवत नाही, म्हणून ती सगळ्यांनाच थोडी थोडी हाक मारते. पाणी ती हाक घेऊन येतं आणि आपल्या पायाशी ठेवतं.

मी ऐकत राहायची आणि मनात खजील व्हायची. ही मुलगी आठवीत माझ्याच वर्गात होती. तिच्या निबंधाच्या वहीत मी लाल शाईने लिहिलं होतं, कल्पनाशक्ती वाढवावी. तेव्हा विषय दिला होता ‘माझा आवडता प्राणी’, हेही खरं.

पुढे ती चाकणच्या एका कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये लागली. मग रविवारी घेतलेलं ती सोमवारी बसमध्ये ऐकायची आणि लिहून पाठवायची. भीमराजभाऊ चष्मा लावून ते तीन-तीनदा वाचायचे. वाचताना त्यांची बोटं खिडकीच्या कठड्यावर ठेका धरायची. ठेका चुकायचा की बरोबर असायचा, मला त्यातलं काही कळत नाही.

गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा सुजित, चाकणजवळच्या निघोज्याचा, सरळ मुलगा. लग्नानंतर रेशनकार्डातून मुलीचं नाव कमी करायला भीमराजभाऊ स्वतः गेले. तो दाखला मिळाल्याशिवाय सासरच्या कार्डात तिचं नाव चढत नाही. दाखला घेऊन आले आणि मला दाखवून म्हणाले, झालं एक काम. आवाज नेहमीचाच होता. संध्याकाळी मात्र कार्डाची जुनी झेरॉक्स ते हातात घेऊन बसलेले दिसले. तिच्यात तिघांची नावं होती.

ॲपमधून मात्र कुणी तिचं नाव काढलं नव्हतं. निघोज्याहूनही तिचं लिहिलेलं येत होतं. मग दिवाळीनंतर सुजित जेवायला आला होता, मीही होते, तेव्हा तो सहज बोलून गेला. नेहाची बढतीची परीक्षा आहे, तिच्या अभ्यासाचे व्हिडिओ मी विकत घेतलेत, पण ते माझ्या घरच्यांनाच दिसतात, आणि ॲपच्या नियमाने माणूस एका वेळी एकाच घरात राहतो. इकडून निघाली तर वर्षभर परत येता येत नाही. म्हणून ती टाळतेय. तो हे माझ्याकडे बघून बोलला, पण ओठ भीमराजभाऊंना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टॅबलेट घेऊन माझ्याकडे आले.

“बाई, ह्यात नाव कमी करायचं कुठनं?”

मी भडकले. म्हटलं, कार्डातून काढलंत ते काढलंत, सरकारचा नियम आहे. हे कशाला? तिला ठरवू द्या. तुमच्या हातात एवढं एक उरलंय, ती ऐकते आणि तुम्हाला सांगते. तिच्या फोनवर सारंगीच नसेल तर सांगेल काय? एवढं मोठ्याने बोलले की खालच्या मजल्यावर दार वाजलं.

ते रागावले नाहीत. खुर्चीवर बसले आणि त्यांनी टॅबलेटवर एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. घेतलेली प्रत्येक चीज कुणाच्या फोनवर किती वेळ वाजली, याची तिथे नोंद होती. ती रिकामी बस म्हणजे अर्ध्या तासाची बासरी. नेहाच्या फोनवर वाजली होती चाळीस सेकंद. पवनेपलीकडची म्हातारी एक मिनिट दहा सेकंद. मी खाली खाली सरकवत गेले. नऊ वर्षांत दोन मिनिटांच्या वर एकही नव्हती.

मी विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, पहिल्याच वर्षी. पोर दहावीत होती, इतकं लांबलचक बसून कशाला ऐकेल. मिनिटभर ऐकायची आणि बाकीचं मनानं सांगायची.

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तिनं सांगायचं सोडलं असतं,” भीमराजभाऊ म्हणाले. “बाजा माझा प्रेसनं नेला, बाई. त्यो काय परत येत न्हाई. मी तर पोरगी समोर बसावी म्हणून घेत होतो.”

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती, आणि तीही त्यांनी सांगितली. सारंगी हे निमित्त होतं. ते तिच्या फोनवरून गेलं की लेक लिहायची थांबेल, आणि थांबली तर तिला दोष देता येणार नाही. मग त्यांनी नेहाच्या नावावर बोट ठेवलं. टॅबलेटने विचारलं, नक्की काढायचं का. त्यांनी चष्मा पुसून तो प्रश्न पुन्हा वाचला आणि हो म्हटलं. यादीत दोन नावं राहिली. मी चहा ठेवायला आत गेले, कारण मला तिथे बसवेना.

त्या रविवारी त्यांनी काहीच घेतलं नाही. पुढच्याही नाही. नेहाचे फोन येत, परीक्षेचं, तब्येतीचं बोलणं होई, ते अंजलीताई ओठ हलवून त्यांना सांगत. खिडकीत ते नुसते बसायचे. समोर कारखान्यांच्या बाजूला सकाळचं धुकं पांढरं पडलेलं असायचं आणि त्यातून एखादं धुराडं वर आलेलं दिसायचं. तिसऱ्या रविवारी त्यांनी एक सारंगी घेतली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही, हे खरं.

सोमवारी सकाळी ते फोन हातात घेऊन माझ्या दारात उभे. नेहाचं आलं होतं. अंजलीताईंना फोन करून तिने विचारलं होतं, पप्पांनी काल काय घेतलं. त्यांनी नाव सांगितलं, ‘सारंगी, मावळतीची’. तेवढ्यावर तिने लिहिलं होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं, जरी त्यांचं वाचून झालं होतं.

‘पप्पा, काल घेतलेली ऐकली. एक मोठी शेड आहे. सगळे प्रेस चालू आहेत आणि आवाज होत नाहीये. पत्रे झाडाच्या पानांसारखे खाली येतात आणि जमिनीवर टेकायच्या आत पाणी होतात. मधल्या मशीनवर एक माणूस उभा आहे, तरुण, तेलकट कपड्यातला. त्याच्या पाठीवर एक लहान मुलगी बसलीये. तिने दोन्ही हातांनी त्याचे कान घट्ट झाकलेत. त्याला वाटतंय, बाहेर सगळं शांत आहे. संध्याकाळ झाली तरी ती हात काढत नाही.’

मी वाचायची थांबले. तिच्या फोनवर ती सारंगी नव्हती, एक सेकंदही नव्हती. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि नाव कमी झालेलं तिलाही माहीत होतं.

भीमराजभाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. दाराच्या चौकटीला टेकून, एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत त्यांनी उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. एकच शब्द होता.

‘पुढं?’