उलट न बोलणारी माणसं

"ही पाड्यावरची माणसं लई गुणी. सांगू तेवढं करतात. उलट कधी बोलत नायत."

गावातल्या वहिनी माझ्याकडे बोट दाखवून हे बोलल्या. त्यांच्या शेतावर मी वीस वर्षं लावणीला जाते. टाळ्या पडल्या. मीही वाजवली.

डोळखांबकडचं आमचं गाव. समाजमंदिरात गोल बसवलं होतं, एक गावातला, एक पाड्यावरचा. समोरच्या समाजाचा एक चांगला गुण सांगायचा, असा खेळ. दोन समाजांतले संबंध हा मुंबईच्या मॅडमच्या संशोधनाचा विषय. मी बारावी झालेली, म्हणून त्यांनी मला फॉर्म भरायला घेतलं. त्या सांगायच्या, पूर्वी या अभ्यासात द्वेष मोजायचे. आता माणसं एकत्र आणायची आणि आपुलकी वाढते का बघायचं. वहिनींच्या वाक्यापुढे मी 'चांगलं मत' अशी खूण केली. हात अडला नाही.

मग एका पंगतीत जेवण. ते उरकल्यावर पाड्यावरच्या बाया उठल्या आणि सगळ्यांची ताटं घासायला बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

खेळाआधी घरोघर विचारलेले प्रश्न घेऊन पंधरा दिवसांनी पुन्हा फिरले. आमच्याकडे नळाची लाइन वहिनींच्या दारात संपते. पाड्यावर पाणी डोक्यावरून येतं. नळासाठी ग्रामसभेत पाड्यावरच्या सगळ्यांनी उठायचं, हे खेळाच्या आधीच ठरलं होतं. बोलणार माझी थोरली जाऊ. तिला विचारलं, "आपल्यावर अन्याय होतो, असं वाटतं?" पहिल्या खेपेला 'खूप' म्हणाली होती.

"आता कमी लिव गो."

"आन् ग्रामसभा?"

"पंगतीला घेतलं, गोड बोलतात. नळाचं काढलं तर तोंड फिरवतील."

"नळ आला का पण?"

"तू ना गो, भांडकुदळच!"

पाड्यावर बहुतेकींनी तेच लिहायला लावलं. कमी लिव. कमी लिव.

मॅडम खूश. "बघा ताई, तक्रारी कमी झाल्या!"

तक्रारी कमी झाल्या होत्या. हंडे तेवढेच होते.

मी म्हटलं, "नळाचा एक प्रश्न घालू या फॉर्मात."

"तो आपला विषय नाही. ताई, तुम्ही मध्ये बोलत नाही, सांगितलं तेवढं नीट करता. म्हणून तर तुम्हाला घेतलं."

वहिनी आणि मॅडम. एकच गुण. दोघींना माझ्यात तोच दिसला. आणि त्यावर मी स्वतः टाळी वाजवली होती.

उरलेले फॉर्म टेबलावर ठेवले. म्हटलं, "मग दुसरी बघा."

त्या रागावल्या नाहीत. नवल वाटलं त्यांना.

मंगळवारी ग्रामसभा आहे. थोरली जाऊ येईल, न येईल. वहिनी पुढच्या खुर्चीत असतील. त्यांच्याच दारात लाइन का थांबली, हे मी त्यांच्या तोंडावर विचारणार. लावणीला बोलावणं येणार नाही, ठाऊक आहे. उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.