सुक्या फीची शाळा

कतारच्या दोह्यात धूळ आणि किस्से एकाच चालीनं साचतात. सकाळी खिडकी लख्ख पुसावी, तर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येईल इतका थर! आमच्या अबू हमूरच्या कंपाउंडमधल्या शुक्रवारच्या मंडळाचं तसंच आहे. हे थोडेसे किस्से पुसून घेते, नाहीतर खाली काय होतं तेच दिसायचं नाही.

*

सुरुवात मेईमुळे झाली. मेई चीनची. वेस्ट बेच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि राहतेही आमच्याच कंपाउंडमध्ये. आमचं बोलणं इंग्लिशमध्ये, पण किस्से मला मराठीतच आठवतात, त्याला काय करणार!

एका शुक्रवारी चहा पिताना ती म्हणाली, "आमचा कन्फ्यूशियस सांगतो, तिघं जण चालत असतील तर त्यात माझा एक गुरू असतोच."

आम्ही तेव्हा चौघी होतो. मेई, मी, रत्नागिरीची रुबिनाभाभी आणि सांगलीच्या पाठककाकू. म्हणजे एक गुरू शिल्लकच! तिथंच ठरलं, प्रत्येकीनं दुसरीकडून काहीतरी शिकायचं.

पाठककाका पेपरमागून म्हणाले, "चालू द्या तुमची फुकटची शाळा!"

"फुकट नाही," मेई म्हणाली. "त्याच्या काळी शिष्य फी म्हणून सुकवलेल्या मांसाची जुडी आणायचा. तेवढी आणली की तो कुणाला नाही म्हणायचा नाही."

"वा! मग काका, तुम्ही काय आणताय?" मी विचारलं.

"माझ्याकडे सुकं काही नाही," काकांनी पान उलटलं, "आणि शिकायचंही काही उरलेलं नाही!"

*

काकू शिवण शिकवणार आणि रुबिनाभाभी शिकणार, असं ठरलं. पहिल्या दिवशी भाभी फी घेऊन हजर. पिशवीभर सुका जवळा!

काकू शुद्ध शाकाहारी. केकसुद्धा अंडं आहे का विचारून खातात.

"अगं रुबिना, हे काय?"

"काकू, मी नियमानं चालते. सुकं म्हणाले, मांस म्हणाले. आता मासा म्हणजे मांसच की नाय?"

फी परत केली तर विद्येचा अपमान. मग काकूंनी चिमट्यानं ती पिशवी डब्यात घातली आणि डबा मागच्या ओट्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत कंपाउंडमधली यच्चयावत मांजरं काकूंच्या दारात शिष्य होऊन बसलेली!

तेव्हापासून नियम बदलला. फी सुकी हवी, कशाची ते विचारायचं नाही. कुरडया, सांडगे, खजूर, सुंठ, सगळं चालतं.

*

माझं स्वतःचं म्हणाल तर मला एकदम आत्मसुधारणाच हवी होती. पोळ्या गोल येत नाहीत, ते आधी सुधारावं असं घरच्यांचं मत. पण मेईनं सांगितलं होतं की शहाण्या माणसानं रोज स्वतःला दोन-चार प्रश्न विचारावेत. मी ते फोनवर रिमाइंडर लावून टाकले. स्वतःची आठवण स्वतःला कुठली राहायला!

फोन ऑफिसच्या लॅपटॉपला जोडलेला असतो हे मात्र विसरले.

मीटिंग चालू. मोठ्या पडद्यावर माझी स्लाइड, "नव्वद टक्के काम पूर्ण." आणि नेमकं तिच्याच खाली टुंग करून उगवलं, "आज मी खरं बोलले का?"

आमच्या साहेबांनी चष्मा वर केला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ओके," ते शांतपणे म्हणाले, "सत्तर लिहा."

*

मेई माझ्याकडून भाकरी शिकली. (पोळ्या गोल येत नसल्या तरी भाकरी येते हो मला!) शिकलेलं पुन्हा पुन्हा करून बघण्यात केवढा आनंद, हेही त्या कन्फ्यूशियसचंच. त्यामुळे मेईनं भाकरी केली. सोमवारी केली, मंगळवारी केली, पूर्ण महिनाभर केली.

एक दिवस तिचा नवरा मला पार्किंगमध्ये भेटला. फार सज्जन माणूस. हळूच म्हणाला, "मॅडम, एक विचारू? कधी थांबायचं, ते तुमच्याकडे कुणी सांगून ठेवलंय का?"

*

आता पाठककाका. या माणसाच्या तोंडून "माहीत नाही" हे दोन शब्द कुणी ऐकले नव्हते. दोह्यातले रस्ते दर वर्षी कूस बदलतात, पण काकांना मॅप लावलेला खपत नाही. "तीस वर्षं चालवतोय इथं!"

थंडीत आम्ही सगळे पिकनिकला निघालो. उत्तरेकडच्या एका बीचवर जायचं होतं, तासाभरात पोचणार होतो. पुढे काकांची गाडी, मागे आम्ही. काका वळेचनात! एक वळण गेलं, दुसरं गेलं. काकूंचा मला फोन, "अगं मंजू, हे ऐकत नाहीत!" शेवटी देशाचं उत्तर टोकच आलं. अल रुवैस. पुढे रस्ताच नाही, मासेमारीच्या होड्या आणि पाणी.

काका उतरले. कमरेवर हात ठेवले. "काय? म्हटलं होतं ना समुद्रावर नेतो!"

आम्ही पोट धरून हसलो. भाभीनं ताजे मासे घेतले आणि काकांनाच दुवा दिली.

मेई तेवढी म्हणाली, "जे येत नाही ते येत नाही म्हणणं, हेही ज्ञानच, असं कन्फ्यूशियस सांगतो."

"त्याला म्हणावं, गाडी चालवून दाखव!" काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात काकूंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा कळलं. काकांना वळणाच्या पाट्या वाचताच येत नव्हत्या. बऱ्याच महिन्यांपासून.

पिकनिकच्या फोटोंवर मग कुणी हसलं नाही.

*

डॉक्टर म्हणाले, गाडी खलास. चष्म्यानं पेपर वाचता येईल, पण लांबचं आता सुधारणार नाही.

काका शुक्रवारी चहाला येईनासे झाले. इथं गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. "गाडी विकू आणि सांगलीला परत जाऊ," एवढंच धरून बसले. काकूंना जायचं नव्हतं. लेक इथं, नातू इथं.

"मी शिकले तर?" काकूंनी घरात विचारलं.

"तू? या वयात? आणि मी बाजूला बसू? टॅक्सीनं जाईन!"

दुसऱ्या दिवशी काकू सांडग्यांचा डबा घेऊन रुबिनाभाभीच्या दारात. ड्रायव्हिंग स्कूल होतंच, पण तिथं काकूंना घाम फुटायचा. भाभी इथं बिनधास्त गाडी चालवते; धीर द्यायला तसा गुरू हवा होता.

भाभीनं कंपाउंडच्या फरशीवर रांगोळीनं भलाथोरला राउंडअबाउट काढला. काकूंच्या हातात स्टीलचं ताट, तेच स्टिअरिंग. आम्ही बाकीच्या म्हणजे ट्रॅफिक. मेई पाण्याचा टँकर, मी उगाच हॉर्न मारणारी गाडी. काकू गोल गोल चालतायत, भाभी ओरडतेय, "यल्ला काकू, यल्ला! चला, आता बाहेर पडा!"

काकू बाहेर पडल्या, आणि त्यांच्याच घराच्या वरच्या खिडकीतून आवाज आला, "शैला! इंडिकेटर!"

सगळ्यांनी वर पाहिलं. पडदा हलत होता.

*

पहिल्या टेस्टला काकू नापास झाल्या. राउंडअबाउटपाशी थांबल्या त्या थांबल्याच. डावीकडून आलेल्या प्रत्येक गाडीला आधी जाऊ दिलं. जागा मोकळी झाली तरी लांबून कुणी येताना दिसलं की, "बिचाऱ्यांना घाई असेल." परीक्षक बाईंनी शेवटी पर्समधून खजूर काढून खाल्ला म्हणे.

मेईनं समजूत घातली, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. कन्फ्यूशियस शिष्टाचाराला फार मानायचा."

"म्हणूनच सांगते," भाभी म्हणाली, "त्याला दोह्यात लायसन्स मिळालं नसतं!"

*

पुढच्या टेस्टला मिळालं. काकूंना, म्हणजे.

पहिला शुक्रवार. समुद्रकाठच्या कॉर्निशला जायचं ठरलं. काकू स्टिअरिंगवर, मागे मी, मेई आणि भाभी. काका येणार नव्हते, तसं सांगूनच टाकलं होतं. काकूंनी गाडी सुरू केली. आरसा नीट केला. पुन्हा नीट केला. निघत मात्र नव्हत्या.

तेवढ्यात काका खाली आले. इस्त्रीचा शर्ट. सवयीनं सरळ ड्रायव्हरच्या दाराशी गेले, हँडलला हात लावला. काकूंनी काच खाली केली नाही. मग काका गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि दार उघडलं.

बसले नाहीत. खिशातून कागदाची पुडी काढली आणि डॅशबोर्डवर ठेवली. आत सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी. घरच्याच डब्यातली.

"बाजूला बसायला शिकायचंय," ते म्हणाले. "घेशील?"

मागच्या सीटवरून आम्ही तिघी पुढे झुकलो.

काकूंनी खोबरं उचललं, वास घेतला, परत ठेवलं. "बसा. बेल्ट लावा. आणि रस्ता मी विचारीन तेव्हाच सांगायचा."

काकांनी बेल्ट ओढला. खटका सापडायला जरा वेळ लागला. मग समोर बघत म्हणाले,

"माहीत असेल तरच सांगीन."