पडवीतला उजवा कौल

कुडाळच्या बाजारात घाण्यावरून जाताना गरम खोबरेलाचा वास आला आणि पन्नासच्या दशकातली आमच्या गावातली एक संध्याकाळ आठवली.

देव-दैव बाजूला ठेवून जग कसे समजून घ्यावे, माणसाने माणसाशी कसे वागावे, यावर बोलायला आम्ही चौघे तरुण मंडळ काढत होतो. जागा एकच मिळाली होती, बाबल्याच्या तेलघाण्याची पडवी. पहिल्याच बैठकीला देवळाचे मानकरी तात्या तीस-चाळीस माणसे घेऊन दारात उभे राहिले.

"देवाक न इचारता ह्यो धंदो गावात चलाचो नाय," ते म्हणाले. देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावून कौल घ्यायचा, उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, मग आम्ही खुशाल बसायचे, असे त्यांनीच ठरवले आणि ते सगळे देवळात गेले. आम्ही हसत पडवीतच थांबलो.

तात्या परतले ते चेहरा पाडून. "माका पटणा नाय. पण कौल उजवो पडलो. बसा."

आमच्यातला दत्ता मास्तर ताडकन उठला. "आमका पाकळीची परवानगी नको."

"मगे रस्त्यार बस, शाण्या," गर्दीतून कोणीतरी म्हणाले. देवाचा कौल झिडकारला म्हणून शिव्या सुरू झाल्या. बाबल्याने घाबरून आम्हाला बाहेर काढले आणि कडी घातली. मंडळ तिथेच संपले.

ओली पाकळी वाळली की गळते, यापलीकडे त्यात काही नाही, असे मी आजही म्हणतो. पण मनाविरुद्ध आलेले उत्तर भर गर्दीत मान्य करणारा त्या संध्याकाळी तिथे एकच माणूस होता, आणि त्याला आत बोलवावे हे आमच्या चौघांपैकी कोणालाच सुचले नाही.