हार घातलेला फोटो

बजाजनगरच्या आमच्या हौशी नाटक मंडळात तो रंगमंचावरचं सामान सांभाळतो. वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपली की कंपनीच्या निळ्या शर्टावरच तालमीला येतो. काहीही मागा, "व्हय, आणतो की," एवढंच म्हणतो आणि आणतो. दुसऱ्याच्या चहाला कधी नाही म्हणत नाही; स्वतः कुणाला पाजल्याचं मात्र मला आठवत नाही.

यंदाच्या कौटुंबिक नाटकात भिंतीवर वारलेल्या आजोबांचा हार घातलेला फोटो हवा होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, म्हणून कुणी आपला फोटो देईना. खरंच वारलेल्याचा आणावा, तर नाटक हसवणारं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचाच फोटो फ्रेम करून घेऊन आला. "लई विचार करू नका. मला काय व्हतंय?" म्हणत त्यानं त्याला प्लास्टिकचा हार घातला. पुढं प्रत्येक प्रयोगाला हार तोच घालायचा, पडदा पडला की तोच काढायचा.

पैठणच्या प्रयोगाला त्याची पाळी बदलली आणि तो येऊ शकला नाही. फोटो होता, हारही होता. पण तो घालायला आमच्यातल्या एकाचाही हात पुढं झाला नाही. बिनहाराच्या फोटोपुढं नाटकातली आजी डोळे पुसू लागली, तेव्हा प्रेक्षकांना वाटलं, म्हातारा तिला सोडून पळाला. भलत्याच जागी हशा पिकला.

परतल्यावर मी त्याला हे सगळं सांगितलं. तो हसला नाही. टपरीकडं वळत म्हणाला, "बोलवा सगळ्यांना. चहा माझ्याकडून."