मरळीचा घास

मुलचेऱ्याच्या आमच्या घरी हौदात पाळलेल्या मरळ मासोळीने भात खाणे सोडले होते. त्या सकाळी ती तळाशी निपचित पडलेली पाहून माझा धीर सुटला. शेजारच्या बाईंकडे देवाला बकरा दिला होता. उरलेले काळजाचे तुकडे त्यांनी पळसाच्या द्रोणात आणले आणि एक पाण्यात टाकला. मरळ हलली नाही, तशा बाई म्हणाल्या,

"गुरुजी, थे तुमच्याच हातचं खाते. काऊन थांबले? तिले का सोवळं समजते?"

मांसाला मी जन्मात शिवलो नव्हतो. आतून पत्नी म्हणाली, "अहो, पूजा व्हायची आहे अजून!"

मरळीचे कल्ले मंदावत होते. मी तुकडा उचलून हात पाण्यात धरला. बराच वेळ काहीच घडले नाही. मग ती सावकाश वर आली आणि घास बोटांतून ओढला गेला.

त्या दिवशी देवपूजा, दुसऱ्या स्नानानंतर, दुपारी झाली.