घरटी एक लाकूड

वज्रेश्वरीच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून थोडं आत, केसरीनाथचं गाव. गावात कोणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की घरचे आधी डॉक्टरला फोन करत आणि मग सहज फिरायला निघाल्यासारखं दाखवत केसरीनाथच्या शेडवर नजर टाकून येत. शेड भरलेली दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडे. माणसं अशीच असतात, त्यांना हसून उपयोग नाही.

शेड पत्र्याची, तीन बाजूंनी बंद. आत छातीएवढ्या उंचीच्या थप्प्या: एका बाजूला ऐन, मधे किंजळ, दाराशी बाभूळ. सगळं लाकूड चिरून उन्हात वाळवलेलं, खाली विटा घालून जमिनीपासून उचललेलं. गावची रीत जुनी होती. मयत झालं की घरटी एक लाकूड मसणात गेलंच पाहिजे, तेही त्या घरच्या माणसानं स्वतःच्या खांद्यावरून नेलेलं. पुढे घराघरात गॅस आला, चुली गेल्या, कितीतरी शेतांवर गोदामं उभी राहिली. लाकूड कोणाकडे उरलं नाही, रीत मात्र उरली. मग गावानं आपल्या सोयीचा तोडगा काढला. केसरीनाथच्या शेडमधून एक लाकूड उचलायचं, खांद्यावर टाकायचं आणि आपल्या घरचं म्हणून चितेवर ठेवायचं.

केसरीनाथनं कधी कोणाला नाही म्हटलं नाही. एका सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीनं त्याला शाल-श्रीफळ दिलं. नारळ त्यानं त्याच दिवशी मारुतीपुढे फोडला. शाल ट्रंकेत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. लोक म्हणाले, किती विनयशील माणूस! विनय कसला डोंबलाचा! त्याला लाज वाटत होती.

त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस होळी झाली की कुऱ्हाड पाजळायचा. गावाच्या वर डोंगराच्या अंगाला त्यांची दोन एकर वरकस जमीन आहे. तिथे भात होत नाही, झाडं होतात. उभं झाड तो मुळापासून कधी तोडत नसे. वाळलेलं, वाऱ्यानं पाडलेलं, नाहीतर जादा वाढलेल्या फांद्या, एवढंच घ्यायचं. सोबतीला गावातला मोरू. मोरू चाळिशीचा, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट. दोघं मिळून करवतीनं ओंडके पाडत, पाचर ठोकून चिरत, खांद्यावरून बांधापर्यंत उतरवत आणि तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेडपर्यंत आणत. अक्षय्य तृतीयेच्या आत शेवटची खेप खाली आलीच पाहिजे, असा केसरीनाथचा हट्ट असे.

"काका, पावसाला अजून महिना हाय," मोरू म्हणायचा. "तुमच्या लग्नाचा मुहूर्त टळतो काय?"

या एका थट्टेवर केसरीनाथ कधी हसला नाही.

त्याचं कारण अकरा वर्षांपूर्वीचं. तेव्हाचा केसरीनाथ निराळाच प्राणी होता. गावच्या बेंजो पार्टीत तो ढोलकी वाजवायचा, आणि वाजवायचा तर असा की कोन गावापासून वळ गावापर्यंत त्याच्याशिवाय हळद रंगत नसे. दुसऱ्यांच्या हळदीत वाजवता वाजवता त्याची स्वतःची हळद मात्र राहून गेली. घर सांभाळायला थोरला भाऊ लडकू होता आणि वहिनी जानकीबाई होती. केसरीनाथची आई तो सहा वर्षांचा असताना गेली. सोळा वर्षांची जानकीबाई लग्न होऊन आली ती या शेंबड्या दिराची आईच झाली. तिच्या पदराला हात पुसतच तो वाढला.

त्या वर्षी घरची लाकडं वरकसात तोडून पडलेली होती. ती खाली आणून रचायचं काम केसरीनाथचं.

"केसरी, लाकडं उतरव," लडकू म्हणाला.

"उद्या उतरवतो, दादा."

वैशाखातला प्रत्येक दिवस कोणाच्या ना कोणाच्या हळदीचा होता, आणि केसरीनाथचा उद्या काही उजाडेना. लडकूनं तीनदा सांगितलं, चौथ्यांदा सांगायचं सोडून दिलं. पाऊस लागला तेव्हा लाकडं डोंगरावरच होती. आणि आषाढात एका सकाळी लडकू चहा पिता पिता बसल्या जागी गेला.

त्या दिवसाचं केसरीनाथला सगळं आठवतं. डोंगरावरून आणलेली लाकडं पिळली तर पाणी निघेल अशी होती. घरोघरची मिळाली तीही ओलसर. चिता पेटेना. रॉकेल झालं, टेम्पोतलं डिझेल झालं, भिवंडीहून आणलेल्या लूमच्या चिंध्यांचं पोतं झालं. शेवटी कोणीतरी टायर म्हणालं, आणि टायर आणायला केसरीनाथ स्वतः गेला. रस्त्यावरच्या गॅरेजमधून त्यानं टेम्पोचे दोन जुने टायर ढकलत आणले. ज्या भावानं त्याला खांद्यावर बसवून वज्रेश्वरीची जत्रा दाखवली, त्याच्या अंगावर त्यानं ते आपल्या हातानं ठेवले. काळा धूर गावावर पसरला. तरी सगळं झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथला आणि आणखी दोघांना पुन्हा जावं लागलं. त्याबद्दल तो स्वतःशीसुद्धा बोलत नाही.

बायका मसणात जात नाहीत. तो पहिल्या दिवशी परतला तेव्हा जानकीबाई उंबऱ्यात बसली होती. ओट्याच्या खांबाला धरून तो उभा राहिला. तिनं एवढंच विचारलं, "केसरी, नीट जळले ना ते?"

"हो वयनी," तो म्हणाला. "भडभडा गेला दादा. तासाभरात."

आता मसणातलं मसणातच ठेवायचं, ही पुरुषांची पद्धत. आणि ओलं लाकूड प्रत्येकानंच दिलेलं, तेव्हा तोंड उघडायची हौस कोणाला असणार? त्यामुळे ते खोटं टिकलं. नुसतं टिकलं असतं तर गोष्ट वेगळी. जानकीबाईनं त्याचा आधार केला. आमचे हे पुण्यवान, आषाढाच्या पावसात भडभडा गेले, असं ती येईल त्याला सांगायची. ते ऐकलं की केसरीनाथ काहीतरी निमित्त काढून उठायचा. तेरावं झाल्यावर त्यानं ढोलकी देऊन टाकली आणि परसात शेड बांधली. शेडला लागून खोली काढून वेगळी चूलही मांडली. लाकडांवर लक्ष राहावं म्हणून, असं तो सांगे. खरं म्हणजे तिच्या हातची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. ती मात्र रोज एक पाठवायचीच.

यंदा चैत्रात जानकीबाईची छाती भरून येऊ लागली. डॉक्टरांनी तिचा मुलगा दीपेश याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. दीपेश वळच्या एका गोदामात सुपरवायझर. तो शिफ्टला गेला होता तेव्हा एका दुपारी म्हातारी सून सुकन्येचा हात धरून शेडमध्ये आली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि सुकन्येला तिनं परत पाठवलं.

"यातली माझी कंची?" तिनं थप्प्यांकडे बघत विचारलं.

"वयनी, असं काय बोलतेस."

"मंग काय लोणच्याला घालतोस काय येवढी लाकडं?" ती हसली. तिनं ऐनाच्या एका ओंडक्यावरून हात फिरवला. "मना पन त्यांच्यासारखीच जाळ, केसरी. जशी त्यांची पेटली, तशी. माझ्या डोक्यावर हात ठेव आनि बोल."

केसरीनाथनं हात उचलला. हात काही तिच्या डोक्यापर्यंत जाईना. तसाच तो खाली बसला, तिच्या पायांशी, आणि त्यानं सगळं सांगितलं. उद्या-उद्याचं सांगितलं, डिझेलचं सांगितलं, टायरचं सांगितलं. दुसऱ्या सकाळचंही सांगितलं.

जानकीबाईनं ऐनाच्या ओंडक्यावरचा हात काढून घेतला. मग तिनं विचारलं, "टायर कोनी आनले?"

"मीच."

ती उठली. आधार द्यायला तो पुढे झाला, तर तिनं हात झटकला आणि भिंत धरत धरत एकटीच घरी गेली.

दोन दिवस तिनं त्याचं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सुकन्या बोलवायला आली. जानकीबाई खाटेवर टेकून बसली होती. आवाज बारीक, पण बोलणं अगदी सरळ.

"टायरचं मी गिळलं असतं, केसरी. तू तेव्हा बावचळला होतास. पन अकरा वरसं तू मना खोटं बोलायला लावलंस. रंगूबाईचा नवरा गेला भर पावसात. ती रडत होती, चिता पेटल का न्हाय म्हनून. मी तिला काय बोलले? माझ्या धन्याची पेटली, तुझ्याबी पेटल. तू शेजारी उभा होतास. तुझी जीभ हलली न्हाय."

केसरीनाथ मान खाली घालून उभा राहिला.

"तुझी लाकडं मना नको. तुझी वेगळी चूल हाय, म्हंजे तुझं एक घर. रीत हाय म्हनून तुझ्या घरचं एक लाकूड आन. तेबी पायाशी ठेव. बाकीचं गाव बघल."

भाकरी ती तरीही पाठवत राहिली, सुकन्येच्या हाती. बोलली मात्र नाही. आणि केसरीनाथ ते एक लाकूड निवडत बसला. सगळ्यात जाड ओंडका काढावा, तर ती लबाडी झाली असती. बारीक काढावा तर मनाला पटेना. उन्हाळाभर त्यानं थप्प्या लावल्या आणि मोडल्या. अखेर ऐनाचा एक मध्यम, कोणाच्याही घरून येईल असा तुकडा त्यानं बाजूला काढला आणि आपल्या खाटेखाली ठेवला.

गणपती गेले आणि चारच दिवसांनी, भर पावसात, सकाळी जानकीबाई गेली.

गाव जमलं. कोणीही न सांगता, नेहमीच्या सवयीनं, माणसं शेडकडे वळली. पुढे मोरू होता. केसरीनाथ दारात उभा होता, दोन्ही हात आडवे धरून.

"न्हाय," तो म्हणाला. "आज यातलं न्हाय."

"काका, ही काय वेळ हाय?" दीपेशचा आवाज चढला. "आई पडलीये घरात."

केसरीनाथला क्षणभर मोह झाला. हात खाली घेतले असते तर काम झालं असतं. वीस माणसांनी वीस लाकडं आपापल्या घरची म्हणून नेली असती, चिता दणकून पेटली असती, आणि जानकीबाईला कळायला ती होती कुठे? मागच्या वेळीही असंच होतं. तिला कळणार नव्हतं.

"तिनंच सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "माझं एकच. दादाचं सगळं मी तिला सांगितलं. टायरचं पन. त्यावर ती बोलली, तुझी लाकडं नको."

पुढची माणसं एकमेकांकडे बघेनात. त्यातल्या निम्म्यांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिलेला होता. अग्नी देणाऱ्या दीपेशनंही. तो काकाकडे बघत राहिला आणि मग त्यानं चेहरा पुसला, पावसाचं पाणी की काय ते त्यालाच ठाऊक.

मोरू आधी वळला. थोड्या वेळानं आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बापाचा नांगर होता, वीस वर्षं माळ्यावर पडून कडकडीत वाळलेला. मग एकेकजण येऊ लागला. कोणी भात कांडायचं मुसळ आणलं, कोणी बैलगाडीची साटी, कोणी मोडक्या खाटेचे पाय. गोदामात कामाला जाणाऱ्यांनी पॅलेटच्या फळ्या आणल्या. रंगूबाईनं मुलाच्या हाती जात्याचा खुंटा आणि दोन पाट पाठवले. घराघरातून कोरडं लाकूड निघालं. गॅस आल्यापासून कोणी शोधलंच नव्हतं.

केसरीनाथ सगळ्यांच्या मागून गेला. आपला तुकडा त्यानं पायाशी ठेवला आणि मागे सरला. दीपेशनं अग्नी दिला. मसणात पंचायतीनं पुढे घातलेल्या पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजत होता. नांगराला आधी जाळ लागला, मग पाटांना, आणि पाहता पाहता चिता अंगभर पेटली. डिझेलचा थेंब लागला नाही. ऐनाच्या तुकड्यानं शेवटी जाळ धरला. तो धरेपर्यंत केसरीनाथ हलला नाही, आणि धरला तेव्हा त्याला मोठ्यानं रडू आलं.

परत आल्यावर पुरुष ओट्यावर टेकले. केसरीनाथ खांबाला धरून उभा राहिला. उंबरा रिकामा होता. सुकन्येनं पाण्याची कळशी आणि कडुलिंबाचा पाला आणून ठेवला. सगळ्यांनी पाय धुतले, पाला चावला. केसरीनाथ तसाच उभा होता, कोणीतरी काही विचारील म्हणून.

"काका, चहा ठेवू?" सुकन्येनं विचारलं.

"नीट जळली," केसरीनाथ म्हणाला.